रेंडर होईपर्यंत

सोमवार, ७ एप्रिल

लोढणं शेवटी माझ्याच गळ्यात! मगनभाई सकाळी आल्या आल्या म्हणाले, "वृषालीबेन, तमे जोई लो." रेंडरिंगचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते महिनाअखेर मी सांगायचं. बिल्डर लोकांना पाया खणायच्या आधी इमारतीचं चित्र पाहिजे, तेही सकाळी सांगितलं तर दुपारी. आमचं व्ही-रे एकेक उजेडाचा किरण मोजत बसतं. त्याला वेळ लागतो. ल्युमियन झटक्यात देतं. मालक, साहेब, शेठ सगळे तेच, आणि ठरवायला मी!

खरं लिहू? मला झटक्यात नकोच आहे.

रेंडर लागलं, म्हणजे कॉम्प्युटर चित्र काढायला बसला, की त्याला हात लावता येत नाही. मग मी आणि वाल्मिकभाई खाली लोटूकाकांच्या लारीवर, चहाच्या हातगाडीवर, जातो. ऑफिसात आम्ही दोघंच आर्टिस्ट. वाल्मिकभाई छत्तिशीचे आहेत, डिंडोलीला राहतात, घरी फक्त आई, धुरपदाबाई. लग्नाचं विचारलं की हसून विषय बदलतात. सुरतेत सगळेच भाई नि बेन, भाऊ नि बहीण, तसे ते वाल्मिकभाई आणि मी वृषालीबेन. बोलणं साधंच – आईने वांग्यात मीठ दोनदा टाकलं, पलसाण्याच्या रस्त्यावर पुन्हा खोदलंय. पण दिवसभरात माझं तेवढंच बोलणं. उधन्याच्या खोलीवर पंखा आणि मी.

चित्र झटक्यात झालं तर चहा कधी प्यायचा?

बुधवार, ९ एप्रिल

ल्युमियनची ट्रायल टाकली. वेसू भागातल्या एका फ्लॅटची बेडरूम घेतली, पडदे, पलंग, बटण दाबलं – झालं! वाल्मिकभाई खुर्ची सरकवून आले. "झालं पण?" म्हणाले. मी म्हटलं, झालं. "छान आहे," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

आज चहा नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

जीभ छाटून टाकावी माझी.

तुलना करायची म्हणून वाल्मिकभाईंच्या फायली उघडल्या. त्यांच्या चित्राला नेहमी माझ्या दुप्पट वेळ लागतो, मला वाटायचं कॉम्प्युटर म्हातारा झालाय. कसलं काय! सेटिंग सगळी टोकाला लावलेली. कपाटाच्या एका दाराला इतकी बारकाई, की ती बघायला माणसाला वेगळे डोळे बसवावे लागतील. मी आपली सवयीप्रमाणे फाडकन बोलले, "अहो, मूठभर भाताला हंडाभर पाणी कशाला?" मगनभाई मागेच उभे! मग त्यांनी गुजरातीत जे सुरू केलं – इतकी वर्षं काम करून एवढं कळत नाही का, वगैरे. वाल्मिकभाई स्क्रीनकडे वळले. कान तेवढे लाल झाले.

आणि आता कळतंय, सेटिंग नीट लावली तर व्ही-रे पण पटकन उरकतं. म्हणजे हे ठेवा नाहीतर ते घ्या, चहा गेलाच. माझ्याच तोंडाने गेला.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सुट्टी. पांढरी साडी नेसून मिरवणुकीला गेले. निळे झेंडे, पोरं नाचत होती, बायका घोळक्याने चाललेल्या. मी प्रत्येक घोळक्याच्या थोडी मागे. कोणी विचारलं असतं की कोणाबरोबर आलात, तर काय सांगितलं असतं?

आईला भुसावळला फोन लावला. ती ताईच्या घरी, मागे गोंधळ, ढोल. "जेवलीस ना? मग बोलू," म्हणाली. एकटीपुरती खीर केली होती. तीही उरली.

मंगळवार, १५ एप्रिल

वाल्मिकभाई डबा स्वतःच्या टेबलावर खातात. मी सॉरी म्हटलं. "त्यात काय," म्हणाले. संपलं.

शुक्रवार, १८ एप्रिल

एकटीच लारीवर गेले. हट्टाने! लोटूकाका म्हणाले, "आज एकलीच का माय? वाल्मिक कुठंय?" कामात आहेत म्हटलं. तर हसले. म्हणाले, तू यायच्या आधी तो कधी खाली उतरायचा नाही. त्याला चहा सोसतच नाही, पित्त आहे, अर्धा कप तर गटारात ओततो.

मी कधी पाहिलंच नाही! मी बोलतच असायचे ना.

म्हणजे त्यांना माझी कीव यायची. एकटी बाई, गावाहून आलेली, कोणी नाही बोलायला – चला, घटकाभर बसू हिच्याजवळ. आणि मी वेडी रोज त्या घटकेची वाट बघत होते. रडू आलं. रडले. लिहायला काय लाज, इथे कोण वाचतंय.

मंगळवार, २२ एप्रिल

सांगून टाकलं. ल्युमियन घ्या.

खोटं बोलायचं ठरवलं होतं. व्ही-रेचा उजेड कसा खरा, पडद्यातून दुपार कशी उतरते – ते खरंही आहे. पण आमच्या बिल्डरला दुपार नको, चित्र हवंय. मगनभाई खूश. वाल्मिकभाईंना विचारलं, तुमचं मत? "बेन म्हणतील ते," म्हणाले. बेन!

रविवार, २७ एप्रिल

दिवसभरात तोंडातून दोनच शब्द निघाले. दूधवाल्याला म्हटलं, "अर्धा लिटर."

सोमवार, २८ एप्रिल

नवं सॉफ्टवेअर चालू झालं. एका दिवसात पूर्ण टॉवर, बागेसकट. मगनभाईंनी लोचो मागवला. सगळ्यांनी आपापल्या जागेवर खाल्ला.

मंगळवार, २९ एप्रिल

दुपारी वाल्मिकभाईंच्या कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला. मगनभाई साइटवर गेलेले. मी उठून बघायला गेले – स्क्रीनवर संडासाच्या टाइल्स. चित्र नाही, फिल्म! कॅमेरा एका नळाभोवती गोगलगायीसारखा फिरतोय, सेटिंग सगळी टोकाला, संध्याकाळपर्यंत संपायची नाही.

म्हटलं, हे कोणी मागितलं?

"कोणीच नाही." कान पुन्हा लाल. मग उठला, खिशातून पित्ताची गोळी काढून तोंडात टाकली आणि म्हणाला, "चल वृषाली, चहा पिऊ."

बेन नाही लावलं.