ओल नव्व्याण्णव टक्के

सडक अर्जुनी,
२० ऑक्टोबर २०१६

प्रिय लोकेंद्र,

फोनवर तू मला मधेच अडवतोस, म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, नाहीतर बघ. आपलं घर बोलायला लागलंय रे! काडेपेटीएवढ्या चार डब्या मी भिंतींवर बसवल्या. खोलीतली उष्णता, ओल, धूळ मोजतात आणि वायरीवाचून एका छोट्या संगणकाला कळवतात. ओल वाढली की बाबूजींच्या खोलीतला पंखा आपोआप हवा बाहेर फेकतो, आणि माझ्या मोबाइलवर आकडा येतो. दोन महिने झगडले. आपल्या मातीच्या भिंती हातभर जाड, डब्यांचा निरोप आतच अडायचा. शेवटी संगणक कंदिलाच्या कोनाड्यात ठेवला, तेव्हा कुठे चौघी हजेरी द्यायला लागल्या. आयटीआयच्या पोरींना सोल्डरिंग शिकवणारी तुझी ताई त्या दिवशी अंगणात नाचली. शेजारच्या पुष्पाकाकूंनी पाहिलं.

कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. बाबूजींचा दमा. माझी नागपूरला बढती झाली की त्यांना एकटं ठेवायचं नाही, पुण्याला न्यायचं, असं तू ठरवूनच टाकलंस. तिसऱ्या मजल्यावर बसून ते करणार काय? इथे धानाचा दाणा दाताखाली फोडून कापणीचा दिवस सांगतात, अर्धं गाव विचारायला येतं.

गेल्या आठवड्यातली गंमत ऐक. वर्गात असताना आकडा आला, ओल नव्व्याण्णव टक्के. वर्ग तसाच सोडला. स्कूटीवर घर गाठलं, तर बाबूजी ओसरीत निवांत चहा पीत बसलेले आणि आत पंखा घोंघावतोय. दिवाळीसाठी बाबूजींच्या खोलीची भिंत छाबायला आलेल्या पुष्पाकाकूंनी मातीचा हात असा मन लावून फिरवला, की डबीसुद्धा ओल्या मातीखाली गुडूप. भिंतीवर ते टेंगूळ बरं दिसत नव्हतं म्हणे. मी रागावणार होते, पण हसूच फुटलं. डबी खरवडून काढली, सुपात वाळवली, पुन्हा लावली. तरी आकडा नव्वदच्या खाली येईना, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, दर दिवाळीला त्यांचा दमा उसळायचा, आपण फटाक्यांना दोष द्यायचो. ओली भिंतच होती ती! भिंत वाळेपर्यंत त्यांना ओसरीत झोपवलं. चौथ्या दिवशी आकडा एकसष्टवर आला, पंखा आपला आपण थांबला. यंदा एकदाही धाप लागली नाही, लोकेंद्र. मला रडूच आलं. काकू आता रोज आकडा विचारायला येतात, बाबूजींच्या जेवणाचंही त्यांनीच अंगावर घेतलंय.

आता खरं सांगते. बढतीचा आदेश जूनमध्येच आला होता. अजून आला नाही असं तुला खोटं सांगितलं, रुजू होण्याची मुदत वाढवून घेतली. काल कपाट आवरताना तो कागद बाबूजींच्या हाती लागला. मला वाटलं, चिडतील. म्हणाले, "भिंत राखण करून राहिली माही, मंग तू काऊन थांबून राहिली?" इथे बाबूजींपाशी काढलेल्या पंधरा वर्षांत मला जा असं कोणी म्हटलं नव्हतं, मी स्वतःलासुद्धा नाही. सात नोव्हेंबरला मी नागपूरला रुजू होतेय. भाऊबीजेला येशील तेव्हा साडी नको, पाकीट नको. बाबूजींना इथेच राहू दे, एवढंच माझ्या ताटात घाल.

तुझीच,
दुर्गाताई