पायाचं माप

३ तारीख, सोमवार

ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले आणि पहिलं विचारलं काय, तर दुकानाला कुलूप लावलंस का? म्हटलं, नाही, उघडं टाकून आले. डोकं ठिकाणावर आहे, म्हणजे झालं.

४, मंगळवार

सिस्टरने ह्यांना मांडीपर्यंत घट्ट पांढरे मोजे चढवले. म्हणाली, "काकू, पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ होते. सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल." म्हणून दर तासाला पावलं वरखाली करायची. पोटात सुई वेगळीच. हे मोज्यांची शिवण तपासत होते! जन्माचे शिंपी.

५, बुधवार

पावलं हलवतच नाहीत. दुखतं म्हणे.

"शिलाई मशीन आहे समजा. मारा पाय."

"काय शिवू?"

"माझा ब्लाउज. सहा महिने कापड पडलंय."

हसले. मग वीसदा हलवली. मी खुर्चीतून हलत नाही. माझी नजर हटली की ह्यांचं मशीन बंद.

६, गुरुवार

चूक माझीच. मोजे चावतात म्हणाले, मला बघवेना, दुमडून गुडघ्याखाली आणले. सिस्टरने खरडपट्टी काढली – दुमडलं तिथे आवळतं, रक्त अडतं. टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. सारख्या भरल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आणि हे तिला सांगतात, "टेप सैल धरलीत." काय बोलायचं ह्या माणसाला.

८, शनिवार

वॉकर धरून दारापर्यंत चालले. मी खुर्चीतूनच ओरडत होते, पाठ सरळ ठेवा. उठवेना – डावा पाय भरून आलाय, चप्पल चढत नाही. सहा दिवस बसून आणखी काय होणार. परत आले ते माझ्या पायांकडे बघत उभेच. म्हणे, "तुझी डावी पोटरी इंचभर जास्त आहे." म्हटलं, स्वतःचं बघा. ऐकतात कुठे. सिस्टरला टेप घेऊन बोलावलं.

इंच आणि दोन सूत.

९, रविवार

गाठ माझ्या पायात निघाली. वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. आता खाटेवर मी, खुर्चीत हे. मुलीकडून ब्लाउजचं कापड मागवून हातानेच शिवायला बसलेत. मान वर न करता म्हणतात, "मार पाय."

मारते.