होडीचा तळ आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, मासेमारी करणाऱ्या नवऱ्याची विधवा आणि एका लहान होडीची मालकीण, असे लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फसवलेले नाही आणि लाडीगोडीही लावलेली नाही. लावली असती तर निदान बरे वाटले असते. माझ्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून मालमत्तेची पुढीलप्रमाणे व्यवस्था करते. भांडणे होणारच, पण माझ्याकडून कसूर नको.

१. घर. दोन खोल्या, मागचे स्वयंपाकघर आणि बाहेरचा नळ हे सर्व मुलीला. मुलगा येतो तेव्हा छपराकडे बघून "हे काही खरं नाही" असे म्हणतो. तेव्हा ही कटकट त्याच्या गळ्यात घालत नाही.

२. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. किती आहे ते दोघांनाही माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

३. हत्यारे. तळ खरवडायचे पत्रे, छिन्न्या, लाकडी हातोडी आणि ब्रश होडीबरोबर जातील. रंधा सुताराकडे आहे. मागून मागून माझी जीभ झिजली. आता तो त्यालाच लखलाभ.

४. होडी. हे कलम लांबेल. साक्षीदारांनी तोवर चहा घ्यावा.

होडी माझ्या धाकट्या दिराला मिळावी. मी लग्न करून आले तेव्हा तो शाळेत जात होता आणि घरात सगळे त्याला बारक्या म्हणत. आज त्याचे केस पांढरे झाले तरी तो बारक्याच आहे. आपला हक्क डावलला असे मुले म्हणतील. पण मुलगा "इंजिन विकून टाक, लाकूड जळणाला दे" असे मला तोंडावर म्हणाला आहे. म्हणूनच ती त्याला देत नाही. बारक्याला का, हेही लिहिणे भाग आहे, कारण ती बुडायची वेळ त्यानेच आणली होती.

मासे नवऱ्याने धरले, पण तळ मी सांभाळला. दर वर्षी होडी ओढून घ्यायची, उलटी करायची, शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, फटींत कापूस कोंबून वर लांबीचा लगदा भरायचा, लाकूड पुरते वाळेपर्यंत थांबायचे, मग तेल, मग रंग. यातले थांबायचे काम सर्वांत अवघड. ते या घराण्यात कोणालाही जमलेले नाही.

नवरा छातीच्या दुखण्याने शहरातल्या इस्पितळात होता आणि मी त्याच्या उशाशी होते. भावाला खूश करावे म्हणून तेव्हा बारक्याने रंगाच्या दुकानदाराचे ऐकले. दोन डबे. एकातला रंग दुसऱ्यातल्या औषधात कालवला की काचेसारखा कडक होतो. मग म्हणे दहा वर्षे तळाला हात लावायला नको. पाण्यातून काढलेल्या होडीने आठवडाभरही ऊन पाहिले नव्हते, आणि याने थर चढवला.

आम्ही परत आलो त्या दिवशी मी हातोडीचा दांडा तळावर ठोकला. जिथे ठणठणीत आवाज यायचा तिथे बद्द आवाज आला.

"फळ्या ओल्या होत्या ना रे?"

"वरून वाळल्या होत्या."

"वरून तर पाण्यातला दगडही वाळतो."

"वहिनी, दादाला नको सांगू. माझं एवढं ऐक."

तेवढ्यात नवरा काठी टेकत आला. त्याने तळावर हात फिरवला, वाकून त्यात स्वतःचे तोंड बघितले आणि म्हणाला, "आरसा केलास की रे." बारक्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आले ते मी त्याच्या लहानपणीही पाहिले नव्हते. हातोडी मी पदराआड केली. महिन्याभरात नवरा गेला.

त्यानंतर होडी बारक्या चालवू लागला. दर हंगामाला मी म्हणायचे, थर काढ. तो म्हणायचा, "दादानं हात फिरवलाय त्यावर." भिंतीशी बोललेले बरे, ती निदान डोळ्यांत पाणी आणत नाही. थराला फुगे आले, ते त्याने घासले आणि वर आणखी रंग फासला. अखेर भर समुद्रात एक फळी आत गेली. अंगातला शर्ट काढून त्याने भोकात कोंबला, एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्याने पाणी उपसत तो कसाबसा धक्क्याला लागला. मी तिथेच उभी होते. वर चढून तो म्हणाला, "बोल आता." मला एक शब्द बोलता आला नाही, याचा राग अजून आहे. इतक्या वर्षांची तयारी फुकट गेली.

थर आम्ही दोघांनी मिळून काढला. सालीसारखा निघत होता. खाली लाकूड काळे, चमच्याने खरवडावे इतके मऊ. थराचा तळव्याएवढा एक तुकडा बारक्याने खिशात घातला. मी पाहिले, विचारले नाही. कुजलेल्या फळ्या सुताराने बदलल्या.

तेव्हापासून होडी शेडमध्ये उलटी पडून आहे. तो म्हणतो, पुन्हा तोच दोन डब्यांचा थर देऊ, या वेळी नीट वाळवून. मी म्हणते, तेल आणि साधा रंग. तो दर वर्षी द्यावा लागतो, पण म्हणूनच दर वर्षी कोणीतरी तळाकडे बघते. अख्खा हंगाम या वादात गेला. दिवसभर तो दुसऱ्याच्या होडीवर राबतो आणि संध्याकाळी येऊन माझे डोके खातो. मीही त्याचे खाते, हे कबूल.

तेव्हा अट एवढीच: लाकूड वाळल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. वाळले की नाही ते दांडा ठोकून ठरवावे, नुसते बघून नाही. मग थर त्याने हवा तो द्यावा. माझे मत वर लिहिले आहे. ते कोणी मानेल असा माझा भ्रम नाही.

५. रंगाच्या दुकानदाराला माझ्याकडून काही नाही. त्याचा माल वाईट नव्हता. "लाकूड पूर्ण कोरडे हवे" असे डब्यावरच छापले होते. ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवले असते तर त्याची जीभ झडली नसती.

६. पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असताना बारक्या दारात आला आणि साक्षीला आपणही सही करतो म्हणाला.

"तुला नाही चालत," मी म्हटले.

"का?"

"तुला काहीतरी मिळतंय म्हणून."

तो चौकटीला टेकून उभा राहिला. "होडी?"

"होडी."

"तू गेल्यावर?"

"मग काय, आधी?"

"अगं वहिनी, फळ्या वाळून आता फटी पडायला लागल्यात," तो म्हणाला. "तू मरायची वाट बघत बसलो तर होडीचं सरपण होईल. तेलाचा डबा आणलाय मी. सकाळी येतेस का?"

तो तेलाचा डबा म्हणाला. साक्षीला बसलेल्या डॉक्टरीणबाईंनीही तसेच ऐकले, म्हणून ते इथे नोंदवते. उद्या सकाळी काम सुरू होईल. माझे गुडघे बघता मी एका बाजूला बसून जेवढा हात पोचेल तेवढे करीन. काम पुरे होण्याआधी मी गेले तर उरलेला तळ त्याने एकट्याने करावा, आणि घाई करू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: बारक्याची वहिनी (पूर्ण सही दाखल्यावर आहे तशीच)

साक्षीदार: दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही, चष्मा दुकानात राहिल्यामुळे ओळीखाली उतरली आहे)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: जोडलेल्या दाखल्यावर आहे तीच