त्रेसष्टावा काप

सर, तुमचं नाव एका प्राण्याला मिळणार होतं, ते आज सकाळी मी घालवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्यांना काय त्याचं, असं आमच्या घरात म्हणतील. पण मला आहे. आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही असतं. वरवर ‘नाव-बिव काय घेऊन बसली वं’ म्हणाला असतात आणि संध्याकाळी घरी जाऊन बाईंना हळूच सांगितलं असतंत. म्हणून पहिल्यापासून सांगते. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधीच चालायचं नाही.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. आपल्या भूगर्भशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, जिथं कूलरचं पाणी झिरपून भिंतीला कायम पोपडे आलेले असायचे, तिथं तुम्ही जुन्या सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलंत. सिरोंच्याच्या पलीकडल्या लाल मातीतून आणलेलं. “काय आहे हे?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, “दगड, सर.” “दगड तर आहेच. दगडात कोण आहे?” कवटी होती ती, कोल्ह्याच्या कवटीएवढी. पण हा कोल्हा नाही आणि सरडाही नाही. दूध पाजणारे प्राणी अजून जन्माला यायचे होते तेव्हाचा आपला लांबचा चुलता आहे, असं तुम्ही सांगितलंत. मग मला कानाच्या पुढे बोट लावायला लावलंत आणि म्हणालात, “आता चाव.” बोटाखाली जबडा हलला. “ह्याचा जबड्याचा सांधा ज्या हाडांचा होता, ते हाडं बारीक होत होत तुह्या कानात गेले. एकाची हातोडी झाली, एकाची ऐरण. तिसरं हाड, रिकीब, तेवढी पहिल्यापासून तिथंच. तू आता माह्यं ऐकून राहिली ना, ते चुलत्याच्या जबड्यानं ऐकून राहिली.” त्या दिवशी घरी जाऊन मी आईला, बाबांना, धाकट्या भावाला, सगळ्यांना कानापुढे बोट लावून चावायला लावलं. आई म्हणाली, “पोरगी गेली कामातून.”

कवटीच्या आतलं बघायचा तेव्हा एकच मार्ग होता आणि तो मला अजिबात आवडला नव्हता. कवटी प्लास्टरमध्ये बसवायची, काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन तिच्यावर घासायची. थोडीशी घासली की पुसायची, जे तोंड उघडं पडलं त्याचं चित्र काढायचं, पुन्हा घासायची. एकेका चित्राला आपण काप म्हणायचो. शेवटी चित्रं उरतात, कवटी उरत नाही. ह्या प्राण्याची दुसरी कवटी तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. तुमचा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण पाठ होता: “आधी पाह्य, मंग काढ, मंग माही सही, आन् मंगच पुढं घास. घासलेलं वापस येत नाही वं.” चित्रं काढायला मला घेतलंत, कारण मी विणकराची पोरगी. बाबा लुगड्यांच्या काठांची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकटी-चौकटींत मांडायचे आणि त्या चौकटी भरायला मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसायची. कागदावरची एखादी ओळ पुसली गेली तर बाबा डोकं खाजवत बसत नसत. “वरची पाह्य, खालची पाह्य, मधली आपोआप येते,” म्हणायचे. आणि यायची हो! आमच्या घरात ते कसब होतं. तुमच्या खोलीत तोच गुन्हा ठरेल हे मला कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. थापा आहेत त्या. मला चांगलं कळत होतं.

बासष्ट काप झाले. बासष्टाव्यात रिकिबीचं टोक शेजारच्या हाडातल्या खळगीकडे निघालेलं स्पष्ट दिसत होतं. ते टोक खळगीत टेकतं की अलीकडेच थांबतं, हा प्राणी कसा ऐकत असेल ते ह्याच्यावर ठरणार होतं, आणि तुमचा सगळा लेख त्याच्यावर टांगलेला. नेमका तेव्हा पोळा आला. तुम्हाला बैल सजवायला गावाला जायचंच असायचं, प्राध्यापक झालात म्हणून काय झालं! जाताना म्हणालात, “दोन काप करून ठेव. चौसष्टावा मी दगडावरच पाहीन. त्रेसष्टाव्यावर तुह्या भरवशावर सही करीन.” असं तुम्ही कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस हवेत होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, पिवळ्या आणि काळ्या मारबतीचे पुतळे मिरवायचा दिवस. विभाग बंद. मी शिपायाकडून किल्ली घेऊन खोली उघडली आणि घासायला बसले. बाहेर कुठल्याशा वस्तीतली पोरं ताशे बडवत इतवारीकडे निघाली होती, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” ओरडत. माझा हात कधी त्या तालावर चालायला लागला ते मला समजलं नाही. थांबून मोजलं तर दोन कापांचं अंतर गेलेलं. त्रेसष्टावा काप काचेवरच्या लाल चिखलात होता, सर. अगं आई गं! मी तो चिखल बोटांनी चिवडत बसले, जसं काही त्यात सापडणार होतं. मग पुसलं आणि चौसष्टावा काढला, अगदी दिसला तसा. त्यात रिकीब नव्हतीच, नुसती खळगी. मग बासष्टावा वर ठेवला, चौसष्टावा खाली ठेवला आणि बाबांसारखी मधली ओळ भरली. टोक खळगीत टेकवलं. सगळ्या कापांत सुरेख चित्र तेच आलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, धोतरावर बैलाच्या शिंगांचा हिंगूळ तसाच. चौसष्टावा भिंगाखाली दगडाशी ताडून पाहिलात. त्रेसष्टाव्यावर नजर टाकलीत आणि सही केलीत. मग विचारलंत, “मारबत पाहिली काय वं?” मी म्हटलं, “नाही सर, काम होतं ना.” तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. नागपूरची पोरगी मारबत सोडते म्हणजे काय! खिशातून तुमचं पितळी भिंग काढलंत, विद्यार्थी असल्यापासून तुमच्याजवळ असलेलं, आणि माझ्या हातात दिलंत. “ठेव तुह्यापाशी,” एवढंच म्हणालात. माझे कान तापले. परत द्यावं असं वाटलं, पण दिलं नाही.

पुढे आपण प्रत्येक चित्राबरहुकूम मेणाच्या पट्ट्या कापल्या आणि एकावर एक रचून आख्खा कान मेणाचा उभा केला. तुम्ही डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवलात आणि एका ठिकाणी थांबलात. “इथं फट पाहिजे गा,” स्वतःशीच बोललात, “मधात कूर्चेले जागा पाहिजे. हाड असं टेकत नाही.” मी खिडकीबाहेर बघत होते. लेखाच्या कच्च्या प्रतीत तुम्ही ते वाक्य लिहिलंसुद्धा होतं. दोन दिवसांनी माझ्यासमोर त्यावर रेघ मारलीत. “माह्या अंगठ्याचं काय घेऊन बसतो! तिनं डोळ्यानं पाह्यलं आहे,” असं टंकलेखकाला म्हणालात. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्ही चार शिव्या हासडल्या असत्या, आठ दिवस बोलला नसतात, आणि ते वाक्य राहिलं असतं. मी नाही उघडलं. मला तुमच्या शिव्यांची भीती नव्हती, सर. तुम्ही पुन्हा कधी ‘तुह्या भरवशावर’ म्हणणार नाही, ह्याची होती.

आता हे बघा काय झालं. तुमच्या नातीच्या वयाची एक मुलगी मागच्या आठवड्यात माझ्या घरी येऊन गेली. तिला त्याच लाल मातीत दुसरी कवटी मिळाली आहे. ती घासावी लागत नाही हो आता, दवाखान्यातल्या स्कॅनच्या यंत्रात घालतात आणि काप पडद्यावर दिसतात, हवे तितके, पुढे-मागे! मी चष्मा पुसून पुसून बघत होते. रिकिबीचं टोक खळगीच्या अलीकडे थांबलेलं. मधे फट. तुमचा अंगठा जिथं थांबला होता तिथंच. ती म्हणाली, “मॅडम, तुमच्या कवटीत टोक टेकलंय, माझ्या कवटीत नाही. म्हणजे हे दोन वेगळे प्राणी. माझ्याला नवीन नाव द्यावं लागेल, मी सरांचंच देणार.” मी ‘वा, छान’ म्हटलं आणि चहा टाकायला उठले. आठ दिवस छानच वाटून घेत होते. तुमचं नाव पुस्तकांतून राहील, पोरं पाठ करतील. मी बोलले नाही तर कुणाचं काय बिघडतं? पण ते नाव माझ्या त्या एका ओळीवर उभं राहणार होतं. आज सकाळी तिला लिहिलं: त्रेसष्टावा काप मी पाहिलेला नाही, अंदाजानं भरला, सरांना तिथं फट वाटली होती, तसं वाक्य लिहून माझ्या चित्रामुळे त्यांनी खोडलं, दोन्ही प्राणी एकच आहेत. तिचं लगेच उत्तर आलं. नाव आता द्यायचं नाही, पण तुम्ही खोडलेलं वाक्य ती तिच्या लेखात तुमच्या नावासकट छापणार आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहिते. तिला काप घासण्यात गेला एवढंच कळवलं, का गेला ते नाही. मला मारबत बघायची घाई होती, सर. मैत्रीण बाराला चौकात थांबणार होती. खोटं चित्र पुरं केलं आणि नीट हातसुद्धा न धुता पळाले. पिवळी बघितली, काळी बघितली, दोघी समोरासमोर आल्या तेव्हा सगळ्यांबरोबर घसा फाटेस्तोवर ओरडले. बोटांना तुमच्या कवटीचा लाल चिखल तसाच होता. भिंग अजून माझ्यापाशी आहे.