सासूबाईंच्या पायांवर चालणारा दवाखाना

आदरणीय दादासाहेब,

साष्टांग नमस्कार. (गुडघे सध्या वाकत नाहीत, तेव्हा ते वगळून उरलेल्या अंगांचा स्वीकारावा.) आपण व वहिनी ठणठणीत असालच. आमचं कसं चाललंय, हे सांगायलाच कागद घेतला आहे.

लग्नाच्या वाढदिवसाला आपण आम्हांला घरातून हवेत जाणारा कार्बन कमी कसा करावा, यावरचं जाडजूड पुस्तक पाठवलंत. (लोक चादर पाठवतात.) आपल्या धाकट्या बहिणीने ते दोनदा वाचलं. झालं! गाडी विकली, बसचा पास आला. भांड्यांवर झाकणं बसली, कपडे दोरीवर वाळू लागले आणि ते धुण्याचं यंत्र मी पायाने फिरवू लागलो. विजेचा वापर निम्म्यावर आला, खोटं कशाला बोलू? मीसुद्धा चार लोकांत फुशारकी मारली. तिथेच चुकलं. हिचा हुरूप वाढला आणि नजर पुढच्या खोलीकडे, म्हणजे माझ्या दातांच्या दवाखान्याकडे वळली.

आता माझं ड्रिल व्यायामाच्या सायकलवर चालतं. आधी नियम असा होता, की ज्याची दाढ त्यानेच पायडल मारायचे. पहिला मान मुख्याध्यापकांना मिळाला. दुखलं की ते पाय थांबवत, पाय थांबले की ड्रिल थांबे, आणि ड्रिल थांबलं की त्यांना एकदम बरं वाटे. एका दाढेला अख्खा आठवडा लागला. (त्यांचं वजन दोन किलोंनी उतरलं, त्याचं श्रेय हिने पुस्तकाला दिलं.) मग सायकलवर सासूबाई, म्हणजे आपल्या मातोश्री, बसल्या. वयाच्या मानाने जोर दांडगा! पण त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांचे पाय हलत नाहीत. परवा त्यांनी शिंप्याला विचारलं, "काय हो, थोरलीचं लग्न जमलं का?" शिंप्याच्या तोंडात कापूस, माझी बोटं आणि अर्धी पोखरलेली दाढ. त्याने कळवळून तीन बोटं दाखवली. तीन स्थळं मोडली असं समजून सासूबाई अर्धा तास हळहळत बसल्या, आणि तोवर तो बिचारा आ वासून पडला होता. (लग्न तीन तारखेला ठरलं होतं.)

आता दात दुखणारी माणसंसुद्धा आमच्या दारावरून तोंड घट्ट मिटून जातात. दवाखाना बुडेल, दादासाहेब, आणि मला दुसरं काहीही येत नाही. फार भीती वाटते.

आपला,
दातखीळ बसलेला मेहुणा

ता. क. : खरं कारण आता लिहितो. आठ दिवस माझीच दाढ ठणकते आहे. स्वतःची दाढ स्वतःला पोखरता येत नाही, आणि इथल्या दुसऱ्या दंतवैद्याकडेही हिने सायकल बसवून दिली आहे. आपल्याकडे विजेवर चालणारा कुणी असेल, तर आपण आजारी असल्याचं कळवून मला बोलावून घ्या. हिला अजिबात सुगावा लागू देऊ नका.

ता. क. : दादा, दुसरं पाकीट कशाला वाया घालवायचं, म्हणून मीही याच कागदावर लिहिते. यांना गुरुवारच्या बसने पाठवते आहे. तिथल्या दंतवैद्याला वीज जाळू देऊ नकोस. सायकल बसच्या टपावर टाकते, आणि आई सोबत येते आहे. तिला यांच्याशी एकदा निवांत बोलायचंच आहे.