निम्म्या दराचं तिकीट

प्रिय खजिनदार,

एका लेकीची आई झालेल्या बाईला या नावाने हाक मारली की तुला हसू येईल. पण बाबांनी ठेवलेलं नाव माझ्याने बदलवत नाही. बाजारातली उरलेली चिल्लर तुझ्या मुठीत द्यायची आणि घरी येईपर्यंत मूठ उघडायची नाही, असा तुम्हा बापलेकीचा करार होता. घरी मूठ उघडायचीस तेव्हा तळव्यावर नाण्यांचे वळ उठलेले असायचे.

मी खिडकीशी उन्हात बसून लिहिते आहे. ओळी तिरक्या गेल्या तर सांभाळून घे. शिवणकामाच्या दुकानात हल्ली मी कमीच जाते. सुया ओवून द्यायला मालकीणबाई स्वतः उठतात, मग मलाच ओशाळल्यासारखं होतं. परवा साबण घेऊन आले आणि दारातूनच भाव सांगितला, बाबा सांगायचे तसा. ऐकायला आत कोणी नाही हे चपला काढताना लक्षात येतं, रोज नव्याने. जिन्यात शेजारीण होती. तिने वडी हातात घेतली आणि म्हणाली, अहो, हा तर दुप्पट किमतीचा! 'ताजा भाव' यांच्या बायकोला दुकानदाराने टोपी घातली म्हणून ती पोट धरून हसली. मीही हसले. पण दुकानदाराचा काही दोष नव्हता गं.

बाबांना सगळी गल्ली 'ताजा भाव' म्हणायची हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. सहा दिवस लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि सातव्या दिवशी आपली वरात काढायची. तेल कोपऱ्यावरून, साखर मंडईमागून आणि साबण थेट पुलापलीकडून. मी करवादायचे, साबणात वाचवा आणि चपलांत घाला. ते म्हणायचे, वेळ काय, तो फुकट मिळतो. तू त्यांच्या खांद्यावर पेंगत असायचीस, मूठ मात्र घट्ट.

मला वाचायला कुठल्या शाळेने शिकवलं नाही, हे तुला माहीतच आहे. लग्नात सहीपुरती अक्षरं येत होती. दुकानांच्या त्या रांगांमध्ये बाबा दोन डबे माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, सांगा बाईसाहेब, स्वस्त कुठला? सरस्वतीची पहिली कृपा झाली ती 'निव्वळ वजन' या शब्दांवर. मग रद्दीच्या दुकानातून वजनावर पुस्तकं आणली. काही सुरुवातीची पानं नसलेली, काही शेवट नसलेली. त्या नसलेल्या शेवटांवर मी पोळपाटाशी उभी राहून विचार केला आहे.

बाबा गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं म्हणत होती, बिचाऱ्याने जन्मभर काटकसर केली, भोगलं काहीच नाही. मला त्यांचा राग आला होता. आपण तिघं बरोबर होतो ना? पुलावर थांबून पाणी बघत होतो, एकमेकांची टर उडवत होतो. चार पैसे वाचवायला घातलेला तो वेळ मला कधीच महाग वाटला नाही. महाग पडली ती त्यांच्यामागे मी एकटीने केलेली बचत. ती तुला सांगितलेली नाही.

उन्हाळ्यात उजव्या डोळ्यापुढे डाग आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल आणि ताबडतोब. पैसे होते गं, पेटीत होते. पण भिंतीवर पाटी दिसली, पुढच्या महिन्यात निम्म्या दरात शिबिर. तेवढ्याने काय होतंय, म्हणून घरी आले. बाबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं, अशी मी माझी समजूत घालते. शिबिराचा दिवस आला तोवर त्या डोळ्यातलं मधलं सगळं पुसून गेलं होतं. कडा दिसतात. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही.

आता डावाही तसाच करायला लागला आहे. इंजेक्शनं चालू आहेत, पूर्ण दराने. किती दिवस तग धरेल, असं मी विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला.

आणि रविवारी तुझा फोन आला. पुढच्या महिन्यात तिकीट निम्म्याला मिळतं आई, तेव्हाच येते छोटीला घेऊन, उगाच पैसे कशाला घालवायचे, असं तू म्हणालीस. मी म्हणाले, शाबास, बापाची लेक शोभतेस. जीभ ती जुनीच, आपोआप वळली. फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. फोनवर पुन्हा बोलले तरी तोंडातून 'घाई नाही' एवढंच येणार, म्हणून हे पत्र.

घाई आहे, बाळा. तुझ्या लेकीला मी अजून पाहिलेलं नाही. फोनवरचं तिचं चित्र आता मला नुसतं उजेडाच्या ठिपक्यासारखं दिसतं. ती तुझ्यासारखी हसते की बाबांसारखी, हे मला कोणी सांगितलेलं नको आहे. मिळेल त्या तिकिटाने ये. मूठ उघड. आता मी पोस्टात जाणार आहे. खिडकीवरच्या बाईला सांगणार आहे, सगळ्यात लवकर पोचेल त्या टपालाने पाठवा. किती पडतील, हे मी विचारणार नाही.

तुझीच,
आई