तेरा तासांचा हेडफोन

कानात बोळे कोंबून माणूस तेरा तास बसेल असं ज्याला वाटतं, त्याला आधी तसं बसवून बघायला हवं. तुझ्या बापानं तुझ्याकडे यायच्या माझ्या तेरा तासांच्या विमानप्रवासासाठी म्हणून शेंगदाण्याएवढी दोन बटणं आणली. एक कानात राहीना, दुसरं कानातून निघेना. ते शेवटी भुवयांच्या चिमट्यानं काढलं. वर मलाच म्हणतो, आई, तुझे कानच वेगळे आहेत. याच कानांनी पन्नास वर्षं त्याची किरकिर ऐकली, तेव्हा ते बरोबर होते.

प्रिय वटवट,

मी ठणठणीत आहे. अक्षर लागत नसेल तर हळू वाच. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिलीपेक्षा सुईच जास्त राहिली. हे फोनवर बोलले असते, पण फोन लावला की तुझी आई शेजारी येऊन उभी राहते आणि तूही हल्ली तीन वाक्यांत ठेवून देतेस. जेवले, बरी आहे, ठेवते. लहानपणी माझ्या कारखान्यात यायचीस तेव्हा तुझी बडबड ऐकायला बायका मशीन थांबवायच्या. म्हणून तर हे नाव पडलं.

तर बटणं परत केली आणि तुझ्या आईला घेऊन मी स्वतः दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं आधी रंग विचारला. मी म्हटलं, रंग मला दिसणार आहे का डोक्यावर? मग तिनं एक-एक काढून समोर मांडला. अगं, मी तीस वर्षं सोफ्याच्या गाद्या शिवल्या. स्पंज मला कुणी शिकवू नये. अंगठा दाबायचा आणि सोडायचा. पटकन उसळून वर आला तर तो तासाभरात टोचणार, वर आलाच नाही तर दुपारपर्यंत चपटा होऊन कान प्लास्टिकला टेकणार. हळूहळू, आळस दिल्यासारखा वर येतो तो खरा. त्यावर रेक्झिन असेल तर कानाला घाम धरतो, म्हणून कापडी बघितला. कान पूर्ण आत बसायला हवा, कडेवर रेलायला नको. चष्मा घालूनच लावून बघितला, कारण काडी मध्ये आली की कानामागे असं दुखतं की माणूस चष्मा तरी फेकेल नाही तर हेडफोन. वरची पट्टी माझ्या अंबाड्याला नडत होती, ती पुढे सरकवली तर बसली. वायर लावायला भोक आहे का तेही विचारलं, कारण विमानातल्या पडद्याला वायर लागते असं तूच मागे सांगितलं होतंस.

मग मी तो डोक्यावर घालून स्टुलावर तासभर बसले. मुलगी म्हणाली, आजी, असं कुणी बसत नाही. मी म्हटलं, म्हणूनच लोक घरी जाऊन कण्हतात. तुझी आई तो सगळा वेळ छताकडे बघत होती, जणू मी तिच्याबरोबर आलेच नाही. पोरगी मात्र हुशार निघाली. तिनं एक बटण दाखवलं आणि नीट समजावलं की यानं इंजिनाची, पंख्याची एकसारखी घरघर जाते, पण माणसाचं बोलणं जात नाही, उलट जवळचं असेल तर जास्त स्वच्छ वाटतं. तुझ्या आईनं हे ऐकलं नाही. ती छत बघत होती.

रविवारी घरी पूर्ण परीक्षा घेतली. सकाळी सहाला चढवला, संध्याकाळी सातला उतरवायचा. मधे जेवले, डुलकी काढली, खुर्चीत मान टाकून बघितली. गाणी लावली नाहीत, मला कानांचं बघायचं होतं. दुपारी चारला स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसले होते. तुझ्या आईनं चहा टाकला, धूर ओढणारा मोठा पंखा लावला. तुझा बाप आला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पंख्याच्या भरवशावर बोलायला लागला. मी ते बटण दाबलेलं होतं. घरघर गेली आणि त्याचं बोलणं दह्यावरच्या पाण्यासारखं निथळून वर आलं.

म्हणाला, "ती म्हणते आजीला पाठवू नका. दोन महिने झाले नवऱ्यापासून वेगळी राहते, हे सगळ्यांपासून लपवीन, पण आजीसमोर मला खोटं बोलता येणार नाही."

तुझ्या आईनं विचारलं, मग यांना काय सांगायचं. तर म्हणे डॉक्टरकडून वदवू, दाब वाढलाय, विमान नको. मी मान वर केली नाही. शेंगा संपवल्या. उरलेले तीन तास पूर्ण केले आणि बरोबर सातला हेडफोन काढला. कान दुखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन दाब मोजून आले. तुझ्या बापापेक्षा बरा आहे. डॉक्टरनं तसं कागदावर लिहून दिलंय, तो पासपोर्टात ठेवलाय.

हे पत्र हेडफोनसाठी नाही, ते तू ओळखलंच असशील. मी तुझी समजूत घालायला येत नाही. तुझा नवरा मला आवडला होता, हेही लपवणार नाही. माझं मापही चुकतं. कुणाचं काय चुकलं ते मला विचारायचं नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर महिनाभर शेजारी बसून मी तुझ्या खोलीतल्या खुर्च्यांना नव्या गाद्या शिवीन. विमानतळावर एकटीच ये. माझ्यासाठी कुणाला शेजारी उभं करून खोटं हसू नकोस. माझं तिकीट पुढच्या महिन्याच्या बाराचं आहे आणि ते मी रद्द करणार नाही. रद्द कर म्हणायचा हक्क फक्त तुझा. नको येऊस म्हणालीस तर घरी बसेन, रुसणार नाही. पण ते तुझ्या अक्षरात यायला हवं.

तुझीच,
तेरा तास बसून दाखवलेली आजी

उत्तर तूच द्यायचंस. बापाच्या हाती निरोप पाठवलास तर तो बोलत असेल तेव्हा मी गाणी लावून बसेन, मोठ्या आवाजात.